गल्ल्याच्या पलीकडची खुर्ची

कारखान्याची खरेदी म्हटले की कच्चा मालच डोळ्यांपुढे येतो. पोलादाच्या सळ्या, पत्रा, ओतीव भाग, रसायने, म्हणजे जे तयार मालात उतरते आणि गिऱ्हाइकाच्या हाती पोहोचते ते. परंतु एवढ्यावर कोणताही कारखाना चालत नाही. कामगाराचे हातमोजे, यंत्रातील बेअरिंग, कटिंग ऑइल, ग्राइंडिंग व्हील, पुसण्याच्या चिंध्या, कँटीनचे जेवण, दारावरचा सुरक्षारक्षक, साफसफाईचे कंत्राट, कचेरीतील कागद, पाण्याचा टँकर, संगणकाची दुरुस्ती या सर्वांचे पैसे मोजावे लागतात. मात्र विकल्या जाणाऱ्या मालात यांतले काहीही दिसत नाही. व्यवस्थापनाच्या भाषेत हिला अप्रत्यक्ष खरेदी म्हणतात. घरात धान्याचा हिशेब सगळे ठेवतात. काड्यापेटी, साबण आणि नळदुरुस्ती यांचा हिशेब मात्र महिनाअखेरीस कोणालाच आठवत नाही. या खरेदीचेही तसेच आहे.

मिरा रोड पूर्वेच्या हाटकेश उद्योगनगरात ही खरेदी रस्त्यावरच पाहायला मिळते. एका गाळ्यात लेथ फिरत असतो, दुसऱ्यात छपाई चालू असते आणि मधल्या अरुंद वाटेवरून टेम्पो, हातगाडी व चहावाला एकमेकांना चुकवत जात असतात. मिरा-भाईंदरची नगरपरिषद १९८५ साली स्थापन झाली आणि महानगरपालिका २००२ साली. एवढ्या काळात मिठागरांच्या या गावांचे शहर झाले. भाईंदर पूर्वेला स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांचा धंदा वाढला, हाटकेशला लहान कारखान्यांचे गाळे उभे राहिले आणि आता त्या गाळ्यांना निवासी इमारतींनी वेढले आहे.

येथीलच एका कंपनीत पाच जणांचा अप्रत्यक्ष खरेदी विभाग आहे. कंपनी व्हॉल्व्ह तयार करते. कचेरी व जुना कारखाना हाटकेशला, आणखी दोन कारखाने वसई व पालघरला. विभागाच्या प्रमुखपदी एका व्यापारी जैन घरातील सूनबाई आहेत. माहेरचे हार्डवेअरचे दुकान सांगलीच्या गणपती पेठेत. सासरची पेढी भाईंदरला, भांड्यांची. दोन्हीकडे जन्मभर विकणाऱ्याची बाजू पाहिलेली. गल्ल्याच्या अलीकडून गिऱ्हाइकाचा चेहरा वाचायला त्या लहानपणी अण्णांजवळ बसून शिकल्या. नोकरीने त्यांना गल्ल्याच्या पलीकडे, घेणाऱ्याच्या खुर्चीत बसवले. व्यापारी घरांतील अनेक मुले-मुली आज अशाच खुर्च्यांवर बसतात. विकणाऱ्याच्या घरातून आलेल्या माणसाने घेणाऱ्याच्या खुर्चीत कसे बसावे, हा प्रश्न म्हणूनच त्यांच्या एकटीचा नाही.

खुर्चीवर आल्यावर त्यांनी पहिल्याच महिन्यात विभागातील दोन तरुणांना संगणकापुढून उठवले आणि आठवडाभर स्टोअरमध्ये बसवले. त्या मुलांना प्रत्येक वस्तूचा भाव पाठ होता, पण वस्तू कोण वापरतो हे ठाऊक नव्हते. हातमोज्यांचा जोड अठरा रुपयांना मिळवल्याचा त्यांना अभिमान होता. स्टोअरच्या खिडकीशी बसल्यावर दिसले की तो जोड एका पाळीतच फाटतो आणि कामगार दुसऱ्या दिवशी नवा मागतो. एकतीस रुपयांचा जोड तीन पाळ्या टिकत होता. पाळीमागे अठरा रुपये की सव्वादहा रुपये, हा हिशेब कोटेशनच्या तुलनापत्रकात कोठेच नव्हता. तो खिडकीशी बसलेल्या माणसालाच सुचला. दुकानात वाढलेल्या त्या बाईंना याचे नवल वाटले नाही. स्वस्त कुलूप नेणारे गिऱ्हाईक वर्षाच्या आत परत येते, हे अण्णा नेहमी सांगत.

दुसरा रोग तातडीचा होता. फोरमनला ऑइल सील हवे असे. रीतसर मागणी, तीन कोटेशने, मंजुरी आणि ऑर्डर यांत आठ दिवस जात. यंत्र तर आजच बंद. मग तो जवळच्या दुकानातून रोखीने सील आणी आणि मागाहून बिल पाठवी. कचेरी त्याला बेशिस्त म्हणे. तो कचेरीला आंधळी म्हणे. चाळीस रुपयांच्या वस्तूसाठी चार सह्या आणि तीन माणसांचा अर्धा दिवस खर्ची पडत होता. नाकापेक्षा मोती जड झाला होता.

पीटर क्राल्जिक यांनी १९८३ साली ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मधील लेखात खरेदीच्या वस्तूंची चार घरांत विभागणी सुचवली होती. वस्तूचा नफ्यावर परिणाम किती आणि ती न मिळण्याचा धोका किती, अशी ती दुहेरी मोजणी. या मोजणीत ऑइल सील मजेशीर जागी येते. किंमत नगण्य, पण ते नसले की लाखो रुपयांचे यंत्र उभे राहते. अशा वस्तूचा भाव घासत बसण्यात शहाणपण नसते. ती हाताशी असणे हेच तिचे मोल. खरेदीप्रमुखांनी अशा वस्तूंची यादी केली, वर्षाचे भाव एकदाच ठरवले आणि पुरवठादारालाच त्याचा माल कंपनीच्या स्टोअरमध्ये ठेवायला सांगितले. जेवढा वापरला जाईल तेवढ्याचेच महिन्याला बिल. सल्लागारांकडे या पद्धतीला भारदस्त नाव आहे. व्यापारी घराला मात्र ती जांगडीचीच रीत वाटेल. फोरमनची धावपळ थांबली. त्याला शिस्त लावण्यासाठी परिपत्रक काढावे लागले नाही.

वस्तूंचे हे झाले. माणसांच्या श्रमाची खरेदी याहून कठीण. साफसफाईचे कंत्राट निघते तेव्हा पाच-सहा ठेकेदार भाव भरतात आणि सर्वांत कमी भावाला ऑर्डर देण्याचा मोह होतो. येथे त्या आपल्या माणसांना एक साधी बेरीज करायला लावतात. किमान वेतनाच्या आसपास पगार असलेल्या कामगारामागे ठेकेदाराला भविष्यनिर्वाह निधीपोटी सुमारे १३ टक्के, राज्य कामगार विम्यापोटी ३.२५ टक्के आणि बोनसपोटी किमान ८.३३ टक्के द्यावे लागतात. बेरीज साडेचोवीस टक्क्यांच्या वर जाते. रजा, गणवेश, झाडू-फिनेल आणि ठेकेदाराचा नफा यांचा त्यात अजून समावेशही नाही. मग जो ठेकेदार किमान वेतनावर पंधरा टक्केच लावून भाव देतो, तो उरलेले पैसे कोठून आणणार? ते एखाद्या बाईच्या पगारातून कापले जातात किंवा तिच्या निधीच्या खात्यात कधीच भरले जात नाहीत. अशा भावपत्रकाला तेथे स्वस्त म्हटले जात नाही. ते बेरजेत न बसणारे म्हणून बाजूला ठेवले जाते.

पहिल्या वर्षी संचालकांना हे रुचले नाही. ठेकेदाराने आपल्या माणसांना काय द्यावे हा त्याचा प्रश्न, असे त्यांचे म्हणणे होते. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्यव्रताचे अतिचार सांगितले आहेत. त्यांत खोटी मापे आहेत, अस्सलाच्या नावाने नकली माल देणे आहे, आणि चोरीचा माल विकत घेणेही आहे. विकणारा दोषी आणि घेणारा निर्दोष, अशी सोय तेथे ठेवलेली नाही. बाईंनी संचालकांपुढे ग्रंथाचा दाखला दिला नाही. ठेकेदाराने निधी बुडवला तर वसुली मूळ कंपनीकडे येऊ शकते, एवढेच कागदावर दाखवले. पण स्वतःपुरते कारण त्यांच्या मनात स्पष्ट होते.

नकली बेअरिंगच्या बाबतीतही हाच न्याय. नामांकित कंपनीच्या खोक्यात हुबेहूब छापलेले, निम्म्या भावाचे बेअरिंग बाजारात मिळते आणि घेणाऱ्याला मनातून सारे ठाऊक असते. जीएसटीने तर अशा स्वस्ताईचा आणखी एक पदर उघडा केला. १ जानेवारी २०२२ पासून पुरवठादाराने आपल्या विवरणपत्रात बिल दाखवले नाही, तर घेणाऱ्याला त्या कराची वजावट मिळत नाही. शंभर रुपयांच्या मालावर अठरा रुपये कर दिला आणि पुरवठादाराने बिल दाखवलेच नाही, तर ते अठरा रुपये घेणाऱ्याच्या अंगावर पडतात. दोन रुपये वाचवण्यासाठी अठरा गमावणारा हिशेब कोणत्याही पेढीवर चालला नसता. मोठ्या कंपन्यांत तो दोन वेगळ्या विभागांच्या वह्यांत विभागला गेल्यामुळे दिसत नाही.

यापुढची गोष्ट व्यापारी घरांच्या अधिक जवळची आहे. ती बिलाच्या पैशांची.

सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म व लघु पुरवठादाराचे पैसे ठरलेल्या मुदतीत, आणि लेखी करार असला तरी माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. करार नसेल तर मुदत १५ दिवसांचीच. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. कायदा जुना असला तरी मोठ्या गिऱ्हाइकाविरुद्ध तक्रार करण्याचे धाडस फार थोडे लहान पुरवठादार करीत. २०२३ च्या वित्त कायद्याने मात्र प्राप्तिकराची गाठ मारली. मुदतीत पैसे दिले नाहीत, तर तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही. पैसे प्रत्यक्ष दिल्यावरच मिळतो. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून हे लागू झाले आणि मार्च २०२४ मध्ये अनेक कचेऱ्यांत नोंदणीकृत लहान पुरवठादारांच्या याद्या घाईघाईने तयार होऊ लागल्या.

हाटकेशच्या या कचेरीतही तशी यादी झाली, आणि तिच्यात एक मोठी फट होती. जुलै २०२१ पासून घाऊक व किरकोळ व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी मिळू लागली खरी, पण तिचा लाभ बँकांच्या प्राधान्य कर्जापुरताच ठेवण्यात आला. उशिराच्या देयकांचे संरक्षण त्यांना नाही. जो वस्तू बनवतो किंवा सेवा पुरवतो त्याला ४५ दिवसांचा आधार. जो वस्तू आणून विकतो त्याला नाही. अप्रत्यक्ष खरेदीत तर बेअरिंग, हत्यारे, हातमोजे, बूट, कागद हे सारे बहुतेक व्यापाऱ्यांकडूनच येते. हिशेब विभागाने सुचवले की कायद्याच्या यादीतल्यांना ४५ दिवसांत द्यावे आणि तेवढा रोखीचा ताण व्यापाऱ्यांवर टाकून त्यांची मुदत नव्वद दिवसांवरून एकशे वीसवर न्यावी. कायद्याने यात काहीच गैर नव्हते.

खरेदीप्रमुखांनी तो कागद दोन दिवस टेबलावर ठेवला. सांगलीच्या दुकानातील येण्याची वही त्यांनी पाहिलेली होती. मोठ्या गिऱ्हाइकाचे नाव त्या वहीत पानभर असे. अण्णा दर शनिवारी त्याच्या कचेरीत जाऊन बसत आणि संध्याकाळी रिकाम्या हाताने परतत. तरीही सोमवारी त्याची ऑर्डर आली की माल पाठवत, कारण माल थांबवला तर मागचेही बुडण्याची भीती. ही आठवण संचालकांपुढे मांडून उपयोग नव्हता. त्यांनी आकडा मांडला. त्याच बेअरिंगचा रोखीचा भाव आणि नव्वद दिवसांच्या उधारीचा भाव त्यांनी चार व्यापाऱ्यांकडून मागवला. फरक साडेचार टक्क्यांच्या आसपास निघाला, म्हणजे महिन्याला दीड टक्का व्याज. कंपनीला बँकेचे पैसे महिन्याला पाऊण टक्क्याने मिळत होते. याचा अर्थ, बँकेचे स्वस्त पैसे बाजूला ठेवून कंपनी त्या लहान दुकानदारांकडून दुप्पट दराने कर्ज घेत होती आणि वर त्याला बचत म्हणत होती. आठवडाभरात निर्णय झाला: व्यापारी असो वा कारखानदार, सर्वांना ४५ दिवस, आणि भाव त्या हिशेबाने खाली आणून घ्यायचे.

आतापर्यंतचे सारे अवघड असले तरी घराबाहेरचे होते. त्याच वर्षी एक प्रश्न घरात आला. तीन कारखान्यांच्या सुरक्षा-बुटांची वर्षाची ऑर्डर निघणार होती. भाईंदरच्या घरातील चुलत दीर बूट व हातमोज्यांचा व्यापार करतात. धंदा नवा, त्यावर कर्ज. रविवारी ते घरी आले आणि जेवणानंतर म्हणाले, “वहिनी, आपल्याच घरचा माल आहे. भावात मी कोणाच्याही खाली येतो. तुम्ही फक्त हो म्हणा.” त्यात लबाडी नव्हती. व्यापारी समाज नात्याच्या विश्वासावरच उभा राहिला आहे. भाच्याला दुकान लावून देणे, पुतण्याला पहिली उधारी देणे यातूनच घरे वर आली. सासरेही शेजारी बसले होते आणि त्यांचा चेहरा अनुकूल होता.

बाईंनी दिरांना नकार दिला नाही आणि होही म्हटले नाही. “भावजी, कोटेशन जरूर द्या. पण त्या ऑर्डरला माझा हात लागणार नाही,” एवढे त्या बोलल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी संचालकांना लेखी कळवले की भाव भरणाऱ्यांत जवळचे नातेवाईक आहेत. निर्णय आपल्या उपप्रमुखाकडे सोपवणे हा सरळ मार्ग होता. तोही त्यांनी टाळला. हाताखालच्या माणसाला वरिष्ठांच्या मनात काय आहे हे सांगावे लागत नाही. तो ते ओळखतो आणि तसे करतो. म्हणून निवड वसईच्या कारखान्याचे प्रमुख, सुरक्षा अधिकारी आणि हिशेबप्रमुख या तिघांकडे गेली. दिरांचा भाव खरोखरच सर्वांत कमी होता. पण महिनाभर वापरून पाहण्यासाठी दिलेल्या दहा जोडांपैकी दोघांचे तळ सुटले. ऑर्डर दुसरीकडे गेली.

घरच्याच माणसाने दार लावले, असे दीर कोणाकोणाजवळ बोलले. त्या वर्षी संवत्सरीची क्षमापना फोनवरच आली. नेहमीप्रमाणे घरी कोणी आले नाही. सासरे काही दिवस गप्प होते. एका रात्री दुकानाची वही मिटताना त्यांनी विचारले, “ऑर्डर त्याला मिळाली असती, तर पैसे वेळेवर मिळाले असते?”

“सगळ्यांना मिळतात तसे, बाबा. पंचेचाळीस दिवसांच्या आत.”

सासरे थोडा वेळ थांबले. “मग त्याला सांगतो, पुढच्या वर्षी चांगला जोड घेऊन जा.”

पुढच्या वर्षी दीर दुसऱ्या कारखान्याचा बूट घेऊन पुन्हा रांगेत उभे राहिले. त्यांना पालघरच्या एका कारखान्यापुरती ऑर्डर मिळाली, तीही त्याच तिघांच्या सहीने. मधल्या काळात दुरावलेली घरे पूर्वीइतकी जवळ आली, असे म्हणता येणार नाही. अशा निर्णयाची किंमत असते आणि ती बहुधा घरातच चुकवावी लागते.

दिवाळीत पुरवठादारांकडून सुक्यामेव्याचे डबे येतात. व्यापाऱ्याच्या दृष्टीने ती रीत आहे. अनेक वर्षांच्या गिऱ्हाइकाला रिकाम्या हाताने कसे भेटायचे? या विभागात मात्र डबा आला की नाव लिहून परत जातो, आणि परत करता येत नाही तो कँटीनमध्ये सर्वांसाठी उघडतो. सोबत छापील पत्र जाते की वेळेवर दिलेला चांगला माल हीच भेट. पहिल्या वर्षी काहींना अपमान वाटला. आता बहुतेकांनी डबे पाठवणे बंद केले आहे, आणि एका वृद्ध व्यापाऱ्याने तर बरे झाले असे सांगितले. पन्नास कचेऱ्यांचे डबे त्यांना जड जात होते.

विभागातील त्या दोन तरुणांपैकी एकाला यंदा साफसफाईच्या कंत्राटाचे काम स्वतंत्रपणे दिले गेले. सर्वांत कमी भाव भरणाऱ्या ठेकेदाराला त्याने समोर बसवले आणि साडेचोवीस टक्क्यांची बेरीज कागदावर मांडून दाखवली. ठेकेदाराने नवे भावपत्रक दिले. ते आधीच्यापेक्षा महाग होते आणि तुलनेत दुसऱ्या क्रमांकावर गेले. संचालकांनी कारण विचारले तेव्हा त्या मुलाने खरेदीप्रमुखांकडे पाहिलेही नाही. फाइल उघडली आणि हिशेब सांगायला सुरुवात केली.